बोलेरो पिकअपला कुठले टायर घ्यावेत, आणि कॅनडात खरंच टायरचे दोन-दोन सेट लागतात का?

होटगीरोड_पिकअप:

नमस्कार मंडळी. प्रश्न दोन आहेत पण एकमेकांत अडकलेत म्हणून एकत्रच टाकतो, लांबलं तर सांभाळून घ्या.

माझी बोलेरो पिकअप, ७.०० आर १५ चे टायर. मागचे दोन्ही गोटा झालेत, पुढच्यात अजून जरा जीव आहे. भाडं म्हणाल तर मिक्स. सीझनला सांगोल्याकडनं डाळिंब, मधी मार्केट यार्डाला कांदा, आणि काहीच नसलं की सिमेंट, सळी, मंडपाचं सामान, जे येईल ते. रस्ता निम्मा हायवे म्हणजे पुणे, हैदराबाद, विजापूर, आणि निम्मा शेतातला. गेल्या मे महिन्यात भर दुपारी मोहोळच्या अलीकडं मागचा डावा फुटला, गाडीत कांदा होता, नशीब की मागनं कोण चिकटून येत नव्हतं. आणि जुलैत उलटंच, यार्डात माल खाली करून रिकामी गाडी घेऊन येत होतो, भुरभुर पाऊस, ब्रेक दाबला तर हौदा आडवाच यायला लागला. तेव्हापासून टायरचं डोक्यात बसलंय.

आता दुसरं. धाकटा भाऊ वर्षभर झालं कॅनडात एडमंटनला असतो. त्यानं तिकडं जुना फोर्ड एफ-१५० घेतला, त्याला पण पिकअपच म्हणतात म्हणे, पण हौदा एवढासा आणि पुढं बसायला सोफा. परवा फोन आला की हिवाळ्याचे टायर वेगळे घ्यायला लागतेत, पैसे कमी पडलालेत. आमचे वडील म्हणले टायरला कुठला आलाय हिवाळा उन्हाळा, स्वेटर हाय का ते. बरं त्या गाडीला ऑल सीझन टायर आहेत, विकणाऱ्यानंच सांगितलंय. मग ऑल सीझन म्हणजे सगळे सीझन नव्हं का? भावाला कोण गंडवलालंय का ते एकदा सांगा.

आणि मी इथं दुकानात जाऊन ऑल सीझन द्या म्हणलो तर दुकानदार हसला. का हसला?

टायरगल्ली:

हसला कारण तुमच्याआधी त्याला असं कुणी मागितलंच नसणार. माझं पण टायरचंच काम आहे, बावीस वर्षं झाली. आपल्याकडं जो टायर मिळतो तो ऊन आणि पाऊस धरूनच बनवलेला असतो, त्यावर ऑल सीझन लिहिलं काय नि नाही लिहिलं काय, सोलापूरला फरक शून्य. आपल्याला सीझन दोनच, ऊन आणि जास्त ऊन. थंडी म्हणजे गड्ड्याच्या यात्रेत चार दिवस कानटोपी घालायची तेवढीच.

तुम्ही सीझन विचारण्यापेक्षा टायरच्या बगलेवर काय लिहिलंय ते वाचायला शिका मालक. साईजनंतर एलटी आहे का बघा, म्हणजे माल वाहायचा टायर. मग पीआर, म्हणजे प्लाय रेटिंग, टायरचा सांगाडा किती दणकट ते, आणि त्याच्याजवळ लोड इंडेक्सचा आकडा, एक टायर किती वजन पेलतो ते. हा आकडा म्हणजे किलो नव्हे, त्याचा तक्ता असतो, १०० ला ८०० किलो असं. तुमच्या गाडीला कंपनीनं जो आकडा दिलाय त्याच्या खाली उतरायचं नाही, दुकानदार कितीही स्वस्तात देऊ दे. कितीतरी जण बोलेरो जीपचा टायर पिकअपला बसवून घेतात, रिमला बसतोय ना मग झालं. बसतोय खरं, पेलत नाही.

आता तुमचा मे महिन्यातला टायर. लोक म्हणतात उन्हानं फुटला. नुसत्या उन्हानं टायर फुटत नाही हो. हवा कमी आणि माल जास्त असला की टायरची बगल प्रत्येक फेऱ्याला दबते आणि उठते, दबते आणि उठते, त्या घुसळण्यानं आतनं तापतो, रबर आणि आतल्या दोऱ्यांची पकड सुटायला लागते. वरनं डांबर तापलेलं, तुम्ही ८० नं दाबलेली, मग जातो. ऊन नुसतं शेवटचा धक्का देतंय. फुटलेला टायर ठेवला असेल तर आतनं हात फिरवा, बगलेला आतल्या बाजूनं काळी पावडर आणि चुरगळल्यासारखं दिसलं तर समजा हवा कमी होती.

हवा सकाळी थंड टायरमध्ये बघायची. हायवेला चहाला थांबून गरम टायरचं प्रेशर बघतात आणि जास्त दाखवतंय म्हणून सोडतात, ही आपल्या ड्रायव्हर लोकांची सगळ्यात वाईट खोड. गरम टायरमध्ये ते वाढणारच, सोडलं की थंड झाल्यावर कमी पडतंय आणि पुढच्या खेपेला अजून तापतंय. आकडा दारावरच्या स्टिकरवर आहे, रिकाम्याचा वेगळा भरल्याचा वेगळा.

कॅलगरीकर_सोलापुरी:

मी मूळ सात रस्त्याचा, सध्या कॅलगरीला, म्हणजे तुमच्या भावापासनं तीनशे किलोमीटरवर. भाऊला कुणी गंडवत नाहीये, पैसे पाठवा. आणि वडलांना सांगा, स्वेटरच आहे ते.

नीट सांगतो. रबर थंडीत कडक होतं. आपल्या घरी फ्रीजमधलं तूप आणि बाहेरचं तूप, तसं समजा. ऑल सीझनचं रबर साधारण ७ डिग्रीच्या खाली गेलं की आखडायला लागतं, आणि इथं उणे २५, उणे ३० ला ते प्लॅस्टिकच्या चाकासारखं होतं, रस्त्यावर बर्फ नसला तरी. विंटर टायरचं रबर थंडीतसुद्धा मऊ राहील असं बनवतात, आणि त्याच्या ठोकळ्यांवर ब्लेडनं चिरल्यासारख्या शेकडो बारीक चिरा असतात, त्या बर्फाला धरतात. हे फॅड नाही. जगातला पहिला हिवाळी टायर फिनलंडमधल्या कंपनीनं, आजची नोकियन, १९३४ मध्ये काढला आणि तो कारसाठी नव्हता, ट्रकसाठी होता. माल घेऊन बर्फातनं जाणाऱ्यांचीच ती गरज होती.

आता ऑल सीझन या नावाचा घोळ. ते नाव गरम प्रदेशातनं बघितलं तर बरोबर वाटतं. त्या टायरवर बहुतेक एम प्लस एस लिहिलेलं असतं, मड आणि स्नो, पण तो शिक्का नक्षीच्या आकारावर मिळतो, बर्फात पळवून बघितलेला असतोच असं नाही. खरी खूण वेगळी, तीन शिखरांचा डोंगर आणि त्याच्या आत बर्फाची चांदणी. ही १९९९ पासून आहे आणि ती मिळायला बर्फावर टेस्ट द्यावी लागते. भावाला सांग, गाडीखाली वाकून बगलेवर ती चांदणी आहे का बघ, नसेल तर विकणारा काही म्हणू दे. अजून एक प्रकार आहे, ऑल वेदर. नाव ऐकून दोन्ही सारखेच वाटतात पण ऑल वेदरला ती चांदणी असते आणि तो वर्षभर ठेवता येतो. ज्याचं शहरातल्या शहरात काम आहे, बर्फ काढलेल्या रस्त्यावरनंच जायचंय, त्याला तो चालून जातो. एडमंटनला रोज पहाटे कामावर जाणाऱ्याला मी तरी पूर्ण विंटरच सांगेन.

कायदा म्हणाल तर आमच्या अल्बर्टा प्रांतात, म्हणजे कॅलगरी-एडमंटनला, सक्ती नाही. क्यूबेकमध्ये आहे, १ डिसेंबर ते १५ मार्च, दंड बसतो. ओंटारिओत सक्ती नाही पण विंटर टायर लावले तर विमा कंपनीला हप्त्यात सूट द्यावी लागते.

आणि खर्च दुप्पट होत नाही हे वडलांना समजावून सांगा. ऑक्टोबर ते एप्रिल एक सेट पळतो तेव्हा दुसरा गॅरेजमध्ये झोपलेला असतो. दोन्ही मिळून जास्त वर्षं जातात. जुन्या लोखंडी रिमवर विंटरचा सेट कायमचा बसवून घेतला तर दरवेळी दुकानात टायर काढा-घाला पण नको, जॅक लावून घरीच बदलता येतं. फक्त एप्रिलनंतर आळस करून तसेच पळवले तर मऊ रबर गरम डांबरावर खोडरबरासारखं झिजतं. सोलापुरात बसवले तर मे महिना बघणार नाहीत ते.

जुनाजाणता_६५:

हे सगळं कॅनडाचं राहू द्या. पिकअपवाल्या पोराला कोणी सांगणार आहे का की नवे दोन टायर पुढं टाकायचे म्हणून. मी चौदा चाकी चालवलीय, चाळीस वर्षं, हैदराबाद रोडला किती बघितलेत. मागचा फुटला तर गाडी बसते, पुढचा फुटला तर गाडी जाते. स्टेअरिंग हातातनं हिसकावून घेतं. म्हणून नवा माल पुढं आणि पुढचे अर्धे झालेले मागं. कायम हेच करत आलोय. आणि रिमोल्ड, म्हणजे झिजलेल्यावर नवं रबर चढवलेला टायर असंल तर मागं, पुढं कधीच नाही.

टायरगल्ली:

काका तुमचा अनुभव मोठा आहे, रिमोल्डचं शंभर टक्के बरोबर, पुढं नाहीच. पण चौदा चाकीचं गणित पिकअपला लावू नका. तुमच्या ट्रकला मागं एका बाजूला जोडीनं टायर, एक गेला तरी दुसरा धरतोय. ह्याला मागं एका बाजूला एकच, आणि सगळा माल त्याच्यावर. मे महिन्यात फुटला तो पण मागचाच ना.

दुसरं म्हणजे पाऊस. पुढचे टायर गुळगुळीत असले तर गाडी वळायची नाही, सरळ घसटत जाते, ड्रायव्हरला हाताला कळतं आणि तो ॲक्सिलरेटर सोडतो. मागचे गुळगुळीत असले तर कळेपर्यंत शेपूट फिरलेलं असतं. पिकअप रिकामी असली की मागं वजनच नाही, ब्रेक दाबला की उरलेलं पण पुढं जातं. म्हणून जास्त नक्षीवाली जोडी मागं. ह्यांना जुलैत हौदा आडवा आला तो ह्याच कारणानं, मागचे गोटे आणि वर रिकामा हौदा.

पुढचे इतके वाईट असतील की फुटायची भीती वाटते तर ते मागं टाकून काय उपयोग, ते गाडीलाच नको. नक्षीत १.६ मिलीमीटरची खूण असते, खाचेत आडवी पट्टी, टायर तिथपर्यंत आला की कायद्यानं पण संपला.

जुनाजाणता_६५:

मला नाही पटलं. पण पिकअपला जोडी नाही हे खरं हाय.

डाळिंबवाला_सांगोला:

राम राम. आमच्याकडं वर्षाला शेकडो पिकअप बागेत येतात म्हणून सांगतो, हायवेचं मला कळत नाही. डाळिंबाची छाटणी झाली की फांद्या बांधावर आणि गाडीवाटेत पडलेल्या असतात, त्याचा काटा वाळला की खिळ्यासारखा. बाभळीचा काटा परवडला. ट्यूबवाला टायर असला की जागेवर बसतो, माल भरलेला, मजूर निघून गेलेले, जॅक मातीत रुततोय. ट्यूबलेसवाला काट्यासकट यार्डात पोचतो आणि तिथं काढतो. म्हणून रिमला बसत असंल तर ट्यूबलेस घ्या, आणि काटा बागेत उपटू नका, लोक उपटतात आणि मग बोंबलत बसतात.

आमची जमीन हलकी, मुरमाड, त्यात टायरचं काही अडत नाही. पण तुम्ही मंगळवेढ्याकडं ज्वारीच्या काळ्या रानात पावसाचं जात असाल तर कुठलाच टायर कामाचा नाही हे लिहून ठेवा. नक्षी दोन फेऱ्यांत चिखलानं भरती आणि चाकाचा लाडू होतो. तिथं टायर नको, वापसा लागतो. रस्त्यावर गाडी उभी करून डोक्यावरनं माल आणलेला बरा.

पुढं सरळ रेघांचा आणि मागं आडव्या खाचांचा असं आमच्याकडचे बरेच जण टाकतात, ते बरं चालतंय. फक्त मागचा हायवेला आवाज करतो.

नायलॉन, म्हणजे आत तिरप्या नायलॉन दोऱ्यांचा जुन्या पद्धतीचा टायर घेऊ, का आडव्या दोऱ्यांचा आणि वर तारेचा पट्टा असलेला रेडियल, असं पण बरेच जण विचारतात. नायलॉनची बगल जाड, दगड कपारीला दाद देत नाही, किंमत कमी. पण तापतो लवकर. तुमचं निम्मं काम हायवेचं आहे तर रेडियलच.

होटगीरोड_पिकअप:

सगळ्यांचे आभार, एवढं कुणी सांगेल वाटलं नव्हतं. फुटलेला टायर घरामागं पडलाच होता, आतनं हात फिरवून बघितलं. टायरगल्ली भाऊ तुम्ही म्हणलात तसंच, काळी पावडर हाताला आली आणि बगल सगळी सुरकुतलेली. हवा शेवटची कधी बघितली होती ते आठवंना. कांद्याच्या दोन गोण्या... बरं दोन नाही, जरा जास्तच होत्या, तो विषय नको.

भावाला चांदणी बघायला सांगितलं. नाहीये. नुसतं एम प्लस एस. आता तो विचारतोय की गाडी फोर बाय फोर आहे तर दोनच विंटर टायर घेऊन मागं टाकले तर चालेल का, आणि एलटी घेऊ का साधे, इथं टायरगल्ली भाऊंनी एलटीच घ्या म्हणलंय ते त्यानं वाचलं.

कॅलगरीकर_सोलापुरी:

चारही. ह्यात वाद नाही. फोर बाय फोर गाडी हलवायला मदत करते, थांबवायला अजिबात नाही. थांबायचं काम टायरचं. इथं पहिल्या बर्फाला खड्ड्यात गेलेल्या गाड्या बघा, निम्म्या फोर बाय फोर पिकअपच असतात, कारण निघताना घसरल्या नाहीत म्हणून मालकाला वाटलं रस्ता बरा आहे. मागं दोन विंटर आणि पुढं दोन ऑल सीझन म्हणजे गाडी पळेल पण वळायला नाही म्हणेल.

एलटीचं तिकडं उलटं आहे. तुमच्या बोलेरोत टनानं माल, त्याच्या एफ-१५० त किराणा आणि एक बॅग. एफ-१५० सारख्या हलक्या पिकअपला, इथं हाफ टन म्हणतात, कंपनीकडनंच बऱ्याचदा पॅसेंजरचे टायर येतात, दारावरच्या स्टिकरवर आहे तीच साईज आणि तोच लोड इंडेक्स, तेवढं पुरे. उगाच दहा प्लायचे घेतले तर रिकाम्या गाडीत नुसते आदळत बसतील. ट्रेलर ओढणार असेल, पुढं बर्फ लोटायचं पातं (स्नो प्लाऊ) लावणार असेल तर वेगळी गोष्ट. आणि रुंद टायरच्या मोहात पडू नको म्हणावं. रुंद टायर मऊ बर्फावर तरंगतो, अरुंद टायर खाली कापत जातो. कंपनीनं मान्य केलेल्या साईजमध्ये जी अरुंद ती हिवाळ्याला बरी.

हवा इथं पण तीच कहाणी, फक्त उलटी. तापमान साधारण ५-६ डिग्री उतरलं की हवेचा दाब एक पीएसआयनं (गेजवरचा एक आकडा) उतरतो. सप्टेंबरात २० डिग्रीला ३५ भरली आणि जानेवारीत उणे ३० झालं तर ८-९ पीएसआय हवा कुठंही न गळता कमी. आमच्या कॅलगरीला तर चिनूक नावाचा गरम वारा सुटतो, सकाळी उणे वीस आणि संध्याकाळी शर्टावर, त्या दिवसांत डॅशबोर्डवरचा टायरचा दिवा लागतो आणि विझतो.

आणि तुम्हाला जुलैत जे झालं ते इथल्या पिकअपवाल्यांना दर हिवाळ्यात होतं, रिकामा हौदा. त्याच्यावर इथले लोक काय करतात, वाळूची पोती भरून मागच्या ॲक्सलच्या वर हौद्यात टाकतात आणि नीट बांधतात. गाडी रुतली तर तीच वाळू चाकाखाली पसरतात.

मनाली_रिटर्न:

जरा विषयांतर. आम्ही तिघं मित्र २०२३ च्या जानेवारीत सोलापूरहून बोलेरो घेऊन मनालीला गेलो होतो, इथलेच टायर. सोलंगच्या पुढं पोलिसांनी अडवलं. तिकडं भाड्यानं साखळ्या मिळतात, चाकाला बांधायच्या. आपल्यासारख्याला जन्मात एकदा बर्फ बघायचा असतो त्याला तेवढंच बास, विंटर टायर नको. साखळी घालून वीस-तीसच्या वर पळवायचं नाही आणि बर्फ संपला की लगेच काढायची, आम्ही नाही काढली, चार किलोमीटरात तुटून मडगार्डला लागली. भाड्याच्या साखळीचे पैसे भरले ते वेगळेच.

टायरगल्ली:

पिकअपवाले मालक, घ्यायला जाल तेव्हा दोन गोष्टी. बगलेवर डॉट लिहिलेलं असतं त्याच्या शेवटी चार आकडे, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. २३२५ म्हणजे २०२५ चा तेविसावा आठवडा. नवा म्हणून तीन वर्षं गोडाऊनला पडलेला गळ्यात मारून घेऊ नका. आणि पक्कं बिल घ्या, २२ सप्टेंबर २०२५ पासून टायरवरचा जीएसटी २८ चा १८ झालाय, जुन्याच भावात देतोय का ते बिलावर कळतं, आणि वॉरंटीला पण बिलच लागतं.

अलाइनमेंट करून घ्या. स्टेपनी पण एकदा खाली काढून बघा, पिकअपची स्टेपनी हौद्याखाली लोंबकळत चिखल खात असते, लागते त्या दिवशीच कळतं की तिला भेगा पडल्यात.

होटगीरोड_पिकअप:

काल घेतले. दोन रेडियल, एलटी, लोड इंडेक्स स्टिकरशी जुळवून, आणि मागं टाकले. जुनेजाणते काका माफ करा, पुढचे मोजले तर अजून निम्मी नक्षी आहे, पुढच्या वर्षी ते पण बदलतो. डॉटचा आकडा विचारला तर दुकानदार परत हसला पण ह्यावेळी वेगळं हसला आणि आतनं दुसरी जोडी काढून आणली. ट्यूबलेस माझ्या रिमला बसत नाही म्हणाला, मग ट्यूबच. स्टेपनीला भेगा होत्या. हवा मारायचा गेज पण घेतला एक, रोज सकाळी वडीलच बघलालेत आता, त्यांना नवं काम मिळालं.

भावाला पैसे पाठवले, चार टायर आणि चार जुने लोखंडी रिम. वडील एवढं सगळं ऐकून घेतले, रबराचं, चांदणीचं, सगळं. आणि शेवटी विचारले की तिकडं वाळूची पोती गाडीत उघडी ठेवतेत आणि सकाळपर्यंत राहतेत? इथं भीमेची वाळू हौद्यात ठेवून झोपलो तर वाळू पण जाईल आणि हौदा पण.